जेलरोडचे घर रिकामे करताना : जुन्या वस्तू कोणाला आणि कशा द्याव्यात?

दसककर

नमस्कार. जेलरोडवरील आमच्या आईवडिलांचे घर येत्या दोन महिन्यांत रिकामे करावयाचे आहे. वडील प्रेसमधून निवृत्त झाल्यानंतरही दोघे तेथेच राहत होते. आता वयोमानामुळे ते आमच्याकडे गंगापूर रोडला आले आहेत आणि ती इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार आहे. चाळीस वर्षांच्या संसारातील जे उपयोगी होते ते आम्ही आणले, नातेवाइकांनी हवे ते नेले, आणि तरीही माळे व कपाटे भरलेलीच आहेत.

जे उरले आहे त्यात चित्रनळीचा जुना टीव्ही, बंद पडलेला फ्रीज, इन्व्हर्टरची फुगलेली बॅटरी, जळालेल्या ट्यूबलाइट, वडिलांचे पाऱ्याचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र, डबाभर औषधे आणि इन्सुलिनच्या सुया, ऑइलपेंटचे अर्धवट डबे, आईच्या साड्या, तांब्याचा बंब व पितळी घंगाळे, देवांच्या तसबिरी, गाद्या आणि पुस्तके असा सगळा ऐवज आहे. एका भंगारवाल्याने सर्व वस्तू एकगठ्ठा उचलण्याची तयारी दाखवली. फ्रीजचे पुढे काय होईल, असे मी त्यांना विचारले तेव्हा कॉम्प्रेसर व तांब्याची नळी काढून घेऊन सांगाडा कोठेतरी टाकून देऊ, असे सरळ उत्तर मिळाले. त्या उत्तरानंतर मला व्यवहार पुढे नेववला नाही. आपल्या घरातून बाहेर गेलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या दारात, शेतात किंवा गोदावरीत जाऊन पडू नये, एवढी माझी इच्छा आहे. नाशिकमध्ये हे नीट कसे करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खतप्रकल्प

दसककर ताई, मी घनकचऱ्याच्या कामात अनेक वर्षे काढून निवृत्त झालो आहे. आपण यादीत मध्येच कोठेतरी लिहिलेली वस्तू मी सर्वांत आधी घेतो, कारण माझ्या मते त्या घरातील सर्वांत धोकादायक वस्तू तीच आहे. ती म्हणजे पाऱ्याचे रक्तदाबयंत्र.

आपली घंटागाडी जो कचरा नेते तो पाथर्डीच्या खत प्रकल्पात जातो आणि त्यातील ओल्या भागाचे खत होते. खत नियंत्रण आदेशातील शहरी कंपोस्टच्या मानकांनुसार एक किलो खतात पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे. जुन्या पद्धतीच्या रक्तदाबयंत्रात साधारण १०० ग्रॅम पारा असतो. तो सगळा खतात उतरला असे केवळ हिशेबापुरते धरले, तर त्या एका यंत्राने साडेसहाशे टनांहून अधिक खत मर्यादेपर्यंत पोहोचते. ताप मोजण्याच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, म्हणजे तेथेही हिशेब तीन टनांच्या पुढे जातो. ट्यूबलाइटमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो, परंतु पाच मिलिग्रॅम धरले तरी तेहतीस किलो खत झाले. प्रत्यक्षात बराचसा पारा वाफ होऊन उडतो, आणि ती वाफ प्रथम घंटागाडीवरील कामगाराच्या व वर्गीकरणाला बसलेल्या बायांच्या श्वासात जाते. ट्यूब आडवी बसत नाही म्हणून ती गाडीतच फोडली जाते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे, आणि म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. रक्तदाबयंत्राची पेटी उघडून यंत्र उजवीकडे कलते धरावे, म्हणजे काचनळीतील पारा खालच्या हौदात उतरतो. पारा पूर्ण उतरल्यावर हौदाजवळची छोटी चावी बंद करावी, पेटी मिटवून ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावी आणि त्यावर ‘पारा आहे’ असे ठळक अक्षरांत लिहावे. हे करण्यापूर्वी हातातील अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण पारा सोन्याला चिकटला की दागिना खराब होतो. चुकून सांडलाच तर झाडूने लोटू नये आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नये, त्याने थेंब अधिक बारीक होऊन हवेत मिसळतात. खिडक्या उघडाव्यात, लहान मुलांना बाहेर न्यावे आणि दोन पुठ्ठ्यांच्या कडांनी थेंब एकत्र करून झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावेत. नंतर ज्या रुग्णालयात वडिलांचे उपचार चालतात तेथे, जैववैद्यकीय कचऱ्यासोबत पाऱ्याची उपकरणे स्वतंत्रपणे स्वीकारतात का, हे विचारावे. तेथे सोय नसल्यास सातपूरच्या उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय आहे. धोकादायक कचरा हाताळण्याची परवानगी असलेल्या संस्थांची माहिती तेथे मागता येते. ट्यूब मात्र न फोडता, नवीन ट्यूबच्या रिकाम्या खोक्यात घालून, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्याव्यात.

ऑइलपेंटच्या डब्यांविषयी थोडक्यात सांगतो. वापरण्याजोगा रंग असेल तर ओळखीच्या रंगाऱ्याला द्यावा, तो लोखंडी जाळीला किंवा दरवाजाला निश्चित कामी येतो. घट्ट झालेला असल्यास झाकण उघडे ठेवून मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्यावा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करण्यास सांगितले होते. कोणत्याही परिस्थितीत रंग किंवा टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. आपल्या शहरातील नासर्डी, वाघाडी, वालदेवी या सर्वांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते.

कॅनडा कॉर्नर

फ्रीज व टीव्ही दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो.

फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरवर एक पट्टी असते, तिच्यावर आत कोणता वायू भरला आहे ते लिहिलेले असते. तेथे ‘आर-१२’ असे असेल तर तो ओझोनचा थर खाणारा जुना सीएफसी वायू आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात त्याचा वापर २०१० पासून बंद झाला, परंतु त्यापूर्वीचे फ्रीज अजूनही घराघरांत, माळ्यावर किंवा गॅलरीत कपाट म्हणून उभे आहेत. ‘आर-१३४ए’ असेल तर ओझोनला धोका नाही, मात्र वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. ‘आर-६००ए’ ज्वलनशील असतो. भंगारात नळी कापली की जो काही वायू असेल तो त्याच क्षणी हवेत जातो. त्यामुळे नळी कापण्यापूर्वी वायू यंत्राने काढून घेणाऱ्यांकडेच फ्रीज गेला पाहिजे. जुन्या फ्रीजच्या दारातील व भिंतीतील फोमही सीएफसी वापरूनच फुगवलेला असे, म्हणून सांगाडा फोडून जाळणे हे दुप्पट वाईट आहे.

चित्रनळीच्या टीव्हीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या काचेतच शिसे मिसळलेले असते आणि ते ग्रॅममध्ये नव्हे, किलोच्या मापात असते. आत निर्वात पोकळी असल्याने मागची मान फुटली तर काचा जोरात उडतात, म्हणून आतील तांबे मिळेल या आशेने कोणीही घरी तो उघडण्याच्या भानगडीत पडू नये. उचलताना काचेचा पडदा छातीकडे धरावा, कारण बहुतेक वजन त्याच बाजूला असते.

कायदा आता ग्राहकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत उत्पादक कंपन्यांना ठरावीक प्रमाणात जुना माल पुनर्चक्रणास गेल्याचे दाखवावे लागते. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी हे प्रमाण ६० टक्के होते, त्यापुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. म्हणून आपण ज्या कंपनीचा फ्रीज आहे तिच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून ‘जुने उपकरण पुनर्चक्रणासाठी द्यायचे आहे’ असे सांगावे आणि तक्रार क्रमांकाप्रमाणे त्याचाही नोंद क्रमांक मागून घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगांची यादी आहे. कोणी स्वतःहून दारात येऊन ‘आम्ही ई-कचरा घेतो’ म्हणाले तर नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वस्तू देऊ नये. थोडे कमी पैसे मिळतील किंवा काहीच मिळणार नाहीत, हे मनाशी धरूनच चालावे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे काम यापेक्षा सोपे आहे. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि त्याला बाजारभाव आहे, म्हणून अधिकृत बॅटरी विक्रेते नवीन बॅटरीवर सूट देऊन किंवा रोख देऊन जुनी घेतात. मात्र फुगलेली बॅटरी आडवी करून रिक्षात नेऊ नये; विक्रेत्याच्या माणसालाच न्यायला बोलवावे. वजन कमी व्हावे म्हणून आतील आम्ल गटारात ओतून द्या, असे सुचवणाऱ्याला बॅटरी अजिबात देऊ नये, कारण उघड्या भट्टीत शिसे वितळवणारे लोक त्याच साखळीत असतात आणि त्या धुराची किंमत त्यांच्याच शेजारची मुले मोजतात.

एक गोष्ट मात्र भंगारवाल्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. लोखंड, ॲल्युमिनियम, रद्दी, पुठ्ठा, जाड प्लॅस्टिक या मालाचे जे पुनर्चक्रण आपल्या शहरात होते ते त्यांच्याच श्रमांवर होते, त्यामुळे तो सर्व माल त्यांना जरूर द्यावा, आणि तोही घासाघीस न करता. जुन्या एक्स-रे फिल्मसुद्धा त्यांतील चांदीमुळे ते घेतात. त्यांच्याकडे साधन नाही ते काम आपण त्यांच्यावर टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

औषधी

औषधविक्रेता या नात्याने डबाभर औषधांविषयी लिहिते.

प्रथम सर्व औषधे टेबलावर ओतून मुदत संपलेली व न संपलेली वेगळी करावीत. मुदत शिल्लक असलेल्या, न कापलेल्या पट्ट्या बिलासह आपल्या नेहमीच्या दुकानात दाखवाव्यात. काही दुकानदार परत घेतात, काही घेत नाहीत. शेजारच्या आजोबांना तीच रक्तदाबाची गोळी चालते म्हणून देऊन टाकणे मात्र कृपया टाळावे, कारण नाव तेच असले तरी मात्रा वेगळी असू शकते.

मुदत संपलेल्या औषधांबाबत केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत फेंटानिल, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, डायझेपाम अशी १७ औषधे दिली आहेत. ती चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर एकाच मात्रेतही जीवघेणी ठरू शकतात, म्हणून केवळ तीच शौचालयात टाकून पाण्यासोबत सोडावीत असे सांगितले आहे. उरलेली औषधे, विशेषतः प्रतिजैविके, कधीही मोरीत किंवा शौचालयात टाकू नयेत. ती पाण्यात गेली की त्यांना दाद न देणारे जंतू वाढण्यास मदत होते. परत घेण्याची सोय मिळत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत कालवाव्यात, बंद पिशवीत भराव्यात आणि घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. पट्टी अखंड टाकली तर ती उचलून पुन्हा विकली जाण्याची शक्यता असते. दम्याचे पंप टोचू किंवा जाळू नयेत, ते उष्णतेने फुटतात.

इन्सुलिनच्या सुयांसाठी मी प्रत्येक ग्राहकाला एकच सांगते. फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड बाटली घ्यावी, सुया त्यात टाकत जाव्यात, तीन चतुर्थांश भरल्यावर झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी आणि वर ‘सुया’ असे लिहावे. कचरा वेचणाऱ्या बाईच्या तळहातात शिरलेली सुई कोणाची होती हे तिला कधीच कळत नाही, आणि पुढील तपासण्यांचे कित्येक महिने ती भीतीखाली काढते.

पंचवटीकर

दसककर ताई, तसबिरींचा उल्लेख पाहून लिहावेसे वाटले, कारण आमच्या भागात पिंपळाच्या पारावर आणि घाटाच्या कडेला लोक देवांच्या जुन्या तसबिरी आणून ठेवतात. ज्यांनी त्या ठेवल्या त्यांची श्रद्धा खरी असते, यात शंका नाही. परंतु पावसाने कागद कुजतो, काच फुटते आणि तीच काच नदीत उतरणाऱ्या भाविकाच्या पायात शिरते.

आपण असे करावे. घरी पाटावर तसबीर ठेवून हळदकुंकू व अक्षता वाहून उत्तरपूजा करावी, आई असतील तर त्यांच्याच हातून करून घ्यावी. त्या वयात अशा गोष्टी परक्या हातांनी झाल्या तर मनाला लागतात. त्यानंतर तसबीर उलटी ठेवून मागील बारीक खिळे पकडीने काढावेत, म्हणजे पुठ्ठा, चित्राचा कागद, काच आणि चौकट सहज सुटी होतात. जुनी सागवानी चौकट पुन्हा वापरता येते, काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहून सुक्या कचऱ्यात देता येते, आणि चित्राचा कागद पाण्यात भिजवून, लगदा करून घरच्या कुंडीतील मातीआड करता येतो. चित्र गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर दिलेले असेल तर मात्र ते मातीत जिरणार नाही. हे स्वतःच्या हाताने करवत नसेल, आणि अनेकांना करवत नाही, तर नाशिकमधीलच संपूर्णम् सेवा फाउंडेशन जुन्या तसबिरी व मूर्ती गोळा करून, विधिवत उत्तरपूजा करून त्यांतील साहित्य पुन्हा उपयोगात आणते. त्यांच्याकडे संकलन केव्हा असते ते आधी विचारून मगच जावे.

तांब्याचा बंब आणि घंगाळे मोडीत देण्यापूर्वी घरात एकदा पुन्हा विचारावे, कारण तसे जाड पत्र्याचे भांडे आता सहज मिळत नाही. द्यायचेच ठरले तर भांडी बाजारात दोन-तीन दुकानांत मोडीचा भाव विचारावा, बंबाची लोखंडी जाळी व कड्या आधी काढून ठेवाव्यात आणि घट किती धरणार हे वजन करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

साड्यांबाबत माझे मत थोडे परखड आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांत वाटप करण्यासाठी म्हणून शहरातून जे गठ्ठे जातात, त्यांत विटलेल्या व फाटलेल्या कपड्यांचाच भरणा मोठा असतो, आणि ते देणाऱ्याच्या घरातील अडगळ केवळ डोंगरावर जाऊन पडते. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, फॉल शाबूत असलेल्या साड्याच द्याव्यात, आणि त्याही तेथे नियमित काम करणाऱ्यांना काय हवे हे विचारून द्याव्यात. थंडीच्या तोंडावर साडीपेक्षा गोधडी अधिक उपयोगी पडते. मऊ झालेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत, त्यांना योग्य मजुरी देऊन गोधड्या शिवून घ्याव्यात. अगदी विरलेले सुती कापड फाडून चिंध्या केल्या तर सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे पुसण्यासाठी लागते. भांडीवालीला देण्यातही काही गैर नाही, ती कपडे निवडून, दुरुस्त करून पुढे विकते. पैठणी असेल तर ती कोणालाही देण्यापूर्वी येवल्यातील एखाद्या विणकराला दाखवावी.

दसककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रक्तदाबयंत्राची पेटी भावाने आजच सांगितल्याप्रमाणे बंद करून वेगळी ठेवली. आईशी तसबिरींविषयी बोलले. उत्तरपूजा ती स्वतः करणार आहे, आणि बंब द्यायचा नाही असे तिने स्पष्ट सांगितले. आता गाद्या, प्लायवूडचे एक मोठे कपाट आणि पुस्तके एवढेच प्रश्न उरले आहेत.

खतप्रकल्प

गाद्या कापसाच्या असतील तर पिंजाऱ्याला बोलवावे. जुना कापूस पिंजून त्याच्या पातळ गाद्या किंवा उशा होतात आणि त्या एखाद्या वसतिगृहाला आनंदाने घेता येतात. फोमच्या गादीला मात्र चांगला मार्ग नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. स्वच्छ असेल तर भटक्या जनावरांची देखभाल करणाऱ्यांना विचारावे, अन्यथा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात कळवून मोठ्या वस्तूंसाठी गाडी मागवावी. ती रात्री कोपऱ्यावर ठेवून येऊ नये.

प्लायवूडचे कपाट सुस्थितीत असल्यास इमारतीच्या रखवालदाराला किंवा नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या कोणाला विचारावे. तुटलेले असेल तर शेकोटीसाठी कोणालाही देऊ नये. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रस्तोरस्ती शेकोट्या पेटतात आणि त्यांत प्लायवूड व सनमायका सर्रास जाळले जाते. त्यातील डिंकामुळे निघणारा धूर शेकणाऱ्यांच्याच फुफ्फुसांत जातो. सागवानी पलंग, चौकटी, दारे मात्र पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या हवाली फुकट करू नयेत, जुन्या सागाला सुतारांकडून चांगली मागणी असते.

पुस्तकांसाठी प्रथम यादी करावी. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. जुनी, दुर्मीळ पुस्तके किंवा नियतकालिकांचे संच असतील तर तेथे यादी दाखवून विचारावे, परंतु गठ्ठे थेट नेऊन ठेवू नयेत. शालेय व स्पर्धा परीक्षांची पुस्तके अभ्यासक्रम बदलला नसेल तरच द्यावीत. मे २०२३ मध्ये देशभरातील शहरांत जुने कपडे, पुस्तके व खेळणी स्वीकारणारी केंद्रे सुरू करण्यात आली होती. नाशिकरोड विभागीय कार्यालयात तशी सोय सध्या चालू आहे का, ते फोनवर विचारून घ्यावे. उरलेले रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक एकदा झटकावे, कारण जुन्या पिढीच्या माणसांच्या पुस्तकांत ठेवीच्या पावत्या आणि पोस्टाची प्रमाणपत्रे निघतात. वडिलांची बँकेची व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आधारच्या छायाप्रती आणि औषधोपचारांचे कागद रद्दीत न देता बारीक फाडून, भिजवून मगच टाकावेत.